चवीनुसार मीठ

परवाच्या शनिवारी माळा आवरला. आवरला म्हणजे आवरावा लागला. घराला रंग द्यायचाय, आणि "तुझी ती तारांची खोकी तूच काढ, मी हात लावणार नाही" असा निर्वाणीचा इशारा मिळाला होता. तिसऱ्या खोक्यात, सीरियल केबल्सच्या जंजाळाखाली, जुन्या टीशर्टमधे गुंडाळलेला माझा झॉरस सापडला. शार्पचा एसएल-सी७६०. बॅटरी पुरणपोळीसारखी टम्म फुगलेली. ती काढून वेगळी ठेवली आणि मग पसारा तसाच टाकून अर्धा तास त्या यंत्राकडे बघत बसलो. (इशारा पुन्हा मिळाला.)

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी: आयफोन यायच्या चार वर्षं आधी, २००३ साली, शार्पने जपानमधे हा खिशात मावणारा कॉम्प्युटर काढला. उघडला की छोटा लॅपटॉप, स्क्रीन फिरवून दुमडला की पाटी. ६४० बाय ४८०चा स्क्रीन, ४०० मेगाहर्ट्झचा इंटेलचा एक्सस्केल प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, १२८ एमबी फ्लॅश. आणि आत लिनक्स! आमच्यासारख्यांना एवढं पुरे होतं. टोकियोच्या ऑनसाइटवरून परतलेल्या एका मित्राकडून मी तो २००५ साली सेकंडहँड घेतला. किती पैसे दिले ते आजही घरी सांगितलेलं नाही.

पण आज लिहायचंय ते यंत्राबद्दल नाही. त्यात घालायची जी फर्मवेअर इमेज असते, ती बनवणाऱ्या स्क्रिप्ट फाइल्सबद्दल लिहायचंय. विषय कंटाळवाणा वाटेल हे मान्य. तरी थोडं थांबा. कारण माझं असं ठाम मत झालंय की हातातल्या यंत्रांच्या धंद्यात इमेज ही दुय्यम गोष्ट आहे आणि ती कशी बनवली ते लिहिलेली फाइल ही मुख्य. आणि आपण बहुतेक सगळे नेमकं उलटं वागतो.

माझ्या आजीची एक वही आहे. दोऱ्याने शिवलेली, हळदीचे डाग पडलेली. त्यात गोड्या आमटीची कृती आहे: डाळ दोन मुठी, चिंच लिंबाएवढी, खोबरं जरासं, मीठ चवीनुसार. आजी होती तोवर ही कृती अचूक होती. आजी गेली आणि ती कृती कृती राहिली नाही. कोणाची मूठ? कोणाची चव? कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालली ती उगीच नाही. वाटी आणि चमचा ही मापं कोणाच्याही स्वैपाकघरात सापडतात.

झॉरसवर कंपनीने दिलेल्या लिनक्सऐवजी ओपनझॉरस नावाची स्वयंसेवकांनी बनवलेली सिस्टिम चढवता यायची. पद्धत अशी: सीएफ कार्डवर तीन फाइल्स ठेवायच्या. एक कर्नल, एक रूट फाइलसिस्टिमची इमेज, आणि एक अपडेटर स्क्रिप्ट. बॅटरी काढून परत घालायची, ओके बटण दाबून धरायचं आणि चालू करायचं. समोर संपूर्ण जपानी मेनू. चौथा पर्याय म्हणजे अपडेट, हे पाठ करून ठेवलेलं. पुण्यात जपानी शिकलेली माणसं गल्लोगल्ली, पण रात्री दीड वाजता कोणाला उठवणार? मग स्क्रीनवर काहीतरी सरकत राहायचं आणि आपण देवाचं नाव घेत बसायचं.

मला कोणाचीतरी तयार इमेज चालली असती. पण मला त्यात मराठी हवं होतं. २००६चे दिवस, मराठी ब्लॉग नुकते बहरायला लागलेले, आणि मला ते पीएमटीच्या बसमधे उभ्याउभ्या वाचायचे होते. एवढीच महत्त्वाकांक्षा. त्यासाठी इमेज स्वतः बनवणं आलं. आणि इमेज बनवायची तर ओपनएम्बेडेड आणि बिटबेक ही जोडी आली.

ओपनएम्बेडेड हा प्रकार २००३ साली सुरू झाला. ओपनझॉरस, कॉम्पॅकच्या आयपॅकवर चालणारं फॅमिलियर, असे वेगवेगळे गट आपापल्या तऱ्हेने तेच तेच करत होते. त्यातल्या काहींनी ठरवलं की कृती एका जागी लिहू. जेंटू लिनक्सच्या पोर्टेजवरून कल्पना घेतली आणि प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक छोटी मजकुराची फाइल केली. तिला नावच रेसिपी. त्यात लिहायचं: सोर्स कुठून आणायचा, कुठले पॅच लावायचे, आधी काय काय तयार हवं, कॉन्फिगर कसं करायचं, कम्पाइल कसं, शेवटी कुठली फाइल कुठल्या डब्यात भरायची. ह्या रेसिप्या वाचून सगळं क्रमाने शिजवणारा आचारी म्हणजे बिटबेक. तो २००४च्या शेवटी वेगळा प्रकल्प झाला. नावं ठेवणाऱ्यांना स्वैपाकाची आवड होती हे उघड आहे :-)

पहिल्याच पायरीला मला थोबाडीत बसली. कॉन्फिगरेशनची नमुना फाइल कॉपी केली, कमांड दिली, आणि बिल्ड जागेवर थांबला. कारण? त्या फाइलमधे मुद्दाम एक ओळ घातलेली होती, जिचं नावच 'ही ओळ काढून टाका' अशा अर्थाचं. फाइलमधल्या सूचना वाचत वाचत तिथपर्यंत पोचलात की ती ओळ काढायची. वाचल्या नाहीत तर बिल्ड मरतो आणि सांगतो, बाबा रे, आधी कॉमेंट्स वाच. मी वैतागलो होतो. आता वाटतं, एवढा सभ्य सापळा मी नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरमधे बघितला नाही.

मग खरं काम. माझ्याकडे पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम. ओपनएम्बेडेड आधी आपली हत्यारं स्वतः बनवतं: एआरएमसाठीचा क्रॉस-कम्पायलर, मग सी लायब्ररी, मग बाकी जग. आमच्या ब्रॉडबँडच्या प्लॅनमधे रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट. म्हणजे गजर लावून दोनला उठायचं, फक्त सोर्स खेचायची कमांड द्यायची, झोपायचं, आणि कम्पाइल दुसऱ्या दिवशी. त्यात भारनियमन. जीसीसी अर्धा झाला की वीज गेलीच. पण इथे त्या फाइल्सची खुबी कळली. झालेल्या प्रत्येक पायरीचा शिक्का बिटबेक मारून ठेवायचा. वीज आली की पुन्हा तीच कमांड. झालेलं सोडून पुढे चालू. मला काही लक्षात ठेवावं लागत नव्हतं. माझ्या आठवणीवर काहीच अवलंबून नव्हतं, हे जास्त महत्त्वाचं.

आता मराठी. जीपीई नावाचं जीटीकेवर आधारलेलं डेस्कटॉप निवडलं, कारण त्यात अक्षरजुळणीचं काम पँगो करतं आणि पँगोला देवनागरी येते. लोहित फाँटची रेसिपी लिहिली. माझी पहिली रेसिपी, जेमतेम पंधरा ओळी. इमेज बनली, झॉरसवर चढली, ब्राउझर उघडला आणि... 'विठ्ठल'मधली वेलांटी उडी मारून ठवर जाऊन बसलेली, आणि ठचा पाय मोडलेला तसाच दिसतोय. अक्षरं सगळी हजर, पण रांगेत उभी केल्यासारखी. कोणी कोणाला धरत नव्हतं.

दोन शनिवार मी फाँटला शिव्या दिल्या. मग शेवटी पँगोची रेसिपी उघडून वाचली. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं: पँगोचं प्रत्येक लिपीचं मॉड्यूल वेगळ्या पॅकेजमधे भरायचं. का, तर अशा यंत्रांत एकेका केबीची मारामारी. ज्याला इंडिक नको त्याच्या फ्लॅशमधे इंडिक कशाला? म्हणजे माझं मॉड्यूल बनून तयार होतं, बाजूला डब्यात ठेवलेलं होतं, फक्त मी ते पानात वाढलं नव्हतं. इमेजच्या यादीत एक नाव वाढवलं. एक ओळ!

आणखी एक गंमत त्याच फाइलमधे दिसली. पँगोला आपल्याकडे कुठली मॉड्यूल्स आहेत त्याची नोंदवही लागते, आणि ती बनवणारा प्रोग्रॅम एआरएमचा. माझ्या पेंटियमवर तो चालणार कसा? म्हणून रेसिपीतली छोटी स्क्रिप्ट आधी बघते की आपण कुठे आहोत. बिल्ड करणाऱ्या मशीनवर असू तर 'जमणार नाही' म्हणून बाहेर पडते, आणि ते काम यंत्राच्या पहिल्या बूटला आपोआप होतं. नवी इमेज चढवल्यावर पहिल्यांदा एवढा वेळ का लागतो, ह्याचं उत्तर मला मॅन्युअलमधे नाही, तीन ओळींच्या स्क्रिप्टमधे मिळालं.

त्या रात्री 'विठ्ठल' नीट दिसला. आईला दाखवलं. ती म्हणाली, "बरं, पण एवढ्या बारीक अक्षरात कोण वाचणार?"

मग हाव सुटली. वायफाय कार्डचा ड्रायव्हर, दोनचार फाइलसिस्टिम्स, सगळं मॉड्यूल न करता थेट कर्नलमधेच घातलं. कम्पाइल झालं, आणि शेवटी बिटबेकने माझा कर्नल चक्क डिलीट केला आणि निरोप ठेवला: हा कर्नल तुमच्या यंत्रासाठी फार मोठा आहे, काही भाग मॉड्यूल करा. रेसिपीत आकडा होता १२९४३३६ बाइट्स. म्हणजे बरोब्बर १२६४ केबी; झॉरसच्या फ्लॅशमधे कर्नलसाठी आखून दिलेली जागा. ही मर्यादा कंपनीच्या कुठल्याही चकचकीत पत्रकात मी वाचलेली नव्हती. कोणीतरी कधीतरी मोठा कर्नल चढवून आपलं यंत्र डब्बा करून घेतलं असणार, आणि मग पुढच्याचं वाचावं म्हणून ही चार ओळींची तपासणी लिहिली असणार. तो माणूस कोण, कुठला, मला माहीत नाही. पण माझा झॉरस त्याने वाचवला.

असो. हा झाला छंद. आता ऑफिस, आणि इथे माझं तोंड जरा कडू होतं.

२००९ साली मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही गोदामांसाठी हँडहेल्ड बनवायचो: बारकोड स्कॅनर, वायफाय, जाड रबरी कवच, पडलं तरी न फुटणारं. आत विंडोज सीई ५.०. सीईचंही तत्त्व वेगळं नाही. इमेज बनते ती मजकुराच्या फाइल्समधून: इमेजमधे कुठल्या फाइल्स जाणार त्याची एक यादी, रजिस्ट्रीत काय असणार त्याची दुसरी, मेमरी कशी वाटायची त्याची तिसरी. बिल्डच्या शेवटच्या टप्प्याला हे सगळे तुकडे एकत्र करून एक मोठी रजिस्ट्री फाइल बनते, ती दाबून बसवली जाते आणि हाती एनके.बिन येते. फरक एवढाच की वर प्लॅटफॉर्म बिल्डर नावाची खिडक्या-बटणांची दुनिया होती, त्यामुळे खालच्या फाइल्स न बघताही माणूस वर्षानुवर्षं काम करू शके.

सीईवर काम केलेल्यांना एक जुना खड्डा माहीत असेल. बिल्ड होताना ह्या फाइल्सच्या प्रती एका रिलीज फोल्डरमधे गोळा होतात आणि इमेज त्या प्रतींवरून बनते. घाई असली की माणूस मूळ फाइल सोडून ती प्रतच बदलतो आणि फक्त शेवटची पायरी चालवतो. दोन मिनिटांत नवी इमेज! चालतेही. पण पुढचा पूर्ण बिल्ड केला की मूळ फाइल पुन्हा वर येऊन बसते आणि बदल गायब.

आमच्या सीनियरने हेच केलं होतं. माणूस हुशार, मनाने चांगला, कस्टमरचा फोन आला की रात्री अकराला ऑफिसात येणारा. त्याने रिलीज फोल्डरमधे दोन वर्षांत एकेक करून डझनभर दुरुस्त्या केल्या. सोर्स कंट्रोलमधे त्यातली एकही नाही. मग तो दुसरीकडे गेला, त्याचा पीसी फॉरमॅट होऊन नव्या पोराला मिळाला, आणि फर्मवेअर माझ्याकडे आलं. मी ओपनएम्बेडेडचा शहाणा! मी सोर्स कंट्रोलमधून सगळं नवीन काढलं, पूर्ण बिल्ड केला, स्कॅनरच्या ड्रायव्हरमधली एक चूक दुरुस्त केली, तपासणी केली, सही केली. इमेज भिवंडीच्या एका गोदामात गेली. दीडेकशे यंत्रं.

आठवड्याभराने तक्रार आली की यंत्रं 'स्लो' झालीत. मी इथून लॉग मागवले, लॉग ठीक. आणखी दोन दिवसांनी स्वतः गेलो. रात्रपाळी. एक साठीच्या आसपासचे गृहस्थ, त्यांच्याबरोबर मी दोन तास फिरलो. वरच्या फळीवरचं खोकं काढायला शिडी आणायची, चढायचं, उतरायचं, आणि स्कॅन करायला यंत्र हातात घेतलं की ते झोपलेलं. उठवायचं, वायफाय पुन्हा जोडायची वाट बघायची, पुन्हा लॉगिन. प्रत्येक वेळी मिनिटभर. आणि त्यांना तासाला इतकी खोकी असं टार्गेट, त्यावर इन्सेंटिव्ह. ते मला म्हणाले, "साहेब, झोप ह्याला येते आणि पैसे आमचे कापतात."

हे वाक्य मी नंतर अनेकदा आठवलंय, आणि दर वेळी कानशिलं तापतात.

कारण सापडायला अजून तीन दिवस गेले. जुनी इमेज असलेलं एक यंत्र एका कपाटात होतं. त्याची रजिस्ट्री आणि नव्या इमेजची रजिस्ट्री, दोन्ही मजकुरात काढून ओळीला ओळ लावून बघितल्या. अकरा फरक. त्यातला एक म्हणजे बॅटरीवर असताना किती वेळाने झोपायचं तो आकडा. सीनियरने तो कधीतरी वाढवला होता, बहुधा अशाच एका फोननंतर. अकरापैकी नऊंचं कारण मी शोधू शकलो. उरलेले दोन कशासाठी होते ते मला आजही माहीत नाही. तसेच ठेवले. हात लावायची हिंमत झाली नाही.

तर चवीनुसार मीठ म्हणजे हे. आचारी होता तोवर पदार्थ उत्तम होता.

कापलेल्या पैशांचं काय झालं म्हणाल तर मी आमच्या साहेबांना सांगितलं, साहेबांनी कस्टमरच्या साहेबांना मेल लिहिला. पुढे काय झालं ते कळवायची कोणाला गरज वाटली नाही, आणि मीही पाठपुरावा केला नाही. नवी इमेज गेली, तक्रार बंद झाली, तिकिटावर 'रिझॉल्व्ड' लिहिलं.

ही गोष्ट मी ज्युनियर मुलांना सांगतो तेव्हा हल्ली एक उत्तर ठरलेलं असतं: "सर, आता असं होत नाही. आम्ही सगळं कंटेनरमधे ठेवतो." किंवा, "त्या पीसीची व्हर्च्युअल मशीनची इमेज काढून ठेवायची ना!" ठेवायचीच. मीही ठेवतो. पण त्याने काय मिळतं ते नीट बघा. आजीची आमटी डीप फ्रीजरमधे ठेवली तर ती दहा वर्षांनी गरम करून खाता येईल. तिच्यात चिंच किती होती हे कळणार नाही, आणि चिंच कमी करून बनवता येणार नाही. त्या गोठवलेल्या मशीनमधे ते दोन अनोळखी आकडे तसेच अनोळखी राहिले असते. मला नुसती तीच इमेज पुन्हा काढायची नव्हती. मला तीत एक गोष्ट बदलायची होती आणि बाकी दहा मोडू द्यायच्या नव्हत्या. दुरुस्ती म्हणजे दुसरं काय असतं?

आणि 'आता असं होत नाही' हेही खोटं आहे. ओपनएम्बेडेडचा वारसा आज योक्टो प्रोजेक्टमधे चालू आहे. लिनक्स फाउंडेशनने तो २०१० साली जाहीर केला. मी गेली काही वर्षं त्यातच काम करतोय, आणि दर दुसऱ्या प्रोजेक्टात मला एक ओळ दिसते: सोर्सची नेमकी आवृत्ती लिहायच्या जागी 'जी शेवटची असेल ती घे'. योक्टोत त्याची सोयच आहे, डेव्हलपमेंट चालू असताना ती उपयोगीही पडते. पण तशीच ती रिलीजला जाते. सोमवारी केलेला बिल्ड आणि गुरुवारी केलेला बिल्ड वेगळा, आणि दोन्हींवर आवृत्ती क्रमांक एकच. कंटेनरच्या नावापुढे 'लेटेस्ट' लिहिणं हाही त्याचाच धाकटा भाऊ. साधनं बदलली, मीठ चवीनुसारच.

हल्ली एआयकडून रेसिपी लिहून घेतात. माझी हरकत नाही, मीही घेतो. सिंटॅक्स माझ्यापेक्षा बरा लिहितं. पण बॅटरीचा आकडा तीनशेच का, हे त्याला कुठून माहीत असणार? ते भिवंडीच्या शिडीवर शिकायला मिळतं, आणि त्या आकड्याच्या वर एक ओळ कॉमेंट लिहायला दहा सेकंद लागतात.

एक कायद्याची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या धंद्यात फार कमी जणांनी मुळातून वाचलेली असते. लिनक्स कर्नल ज्या परवान्याखाली येतो तो जीपीएलची दुसरी आवृत्ती, १९९१ सालची. त्याच्या तिसऱ्या कलमात पूर्ण सोर्स कोड म्हणजे काय ह्याची व्याख्या आहे. त्यात नुसता प्रोग्रॅमचा कोड नाही. कम्पाइल करणाऱ्या आणि इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्ट्सही त्यात स्पष्ट शब्दांत धरल्या आहेत. म्हणजे तुम्ही लिनक्सवालं यंत्र विकलंत, कोणी सोर्स मागितला, आणि तुम्ही झिप फाइल देऊन स्क्रिप्ट्स ठेवून घेतल्यात, तर तुम्ही सोर्स दिलेलाच नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांना १९९१ साली कळलं होतं की कृतीशिवाय नुसतं सामान देण्याला काही अर्थ नाही. आणि माझा अनुभव असा की बऱ्याचदा कंपनी लपवत नसते. तिच्याकडे नसतातच त्या स्क्रिप्ट्स! कोणाच्या तरी लॅपटॉपवर असतात.

युरोपला माल पाठवणाऱ्यांना तर आता पळवाट उरलेली नाही. त्यांचा सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट १० डिसेंबर २०२४ला अंमलात आला, आणि त्यातल्या बहुतेक अटींसाठी ११ डिसेंबर २०२७ ही तारीख आहे. सॉफ्टवेअर असलेली वस्तू विकली की साधारण किमान पाच वर्षं तिच्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करत राहायच्या, आणि आत काय काय भरलंय त्याची यादी ठेवायची. पाच वर्षं! आपल्याकडे पाच वर्षांत त्याच टेबलावर किती माणसं बदलतात ते मोजून बघा. निम्म्या मॅनेजरांना वाटतंय की हे कागदपत्रांचं काम आहे, एखादा कन्सल्टंट करून देईल. कन्सल्टंट यादी करून देईल हो. पण चौथ्या वर्षी एका लायब्ररीत भोक सापडलं आणि इमेज पुन्हा बनवायची वेळ आली की कोणाला फोन करणार?

आता एवढा तोंडसुख घेतलेला माणूस स्वतः काय करतो ते पण सांगून टाकतो.

झॉरसच्या खोक्यात एक सीडी पण सापडली. माझ्या अक्षरात 'ओझेड मराठी, अंतिम' असं लिहिलेली. (अंतिम ह्या शब्दाच्या फाइल्स तुमच्याकडे किती आहेत?) आश्चर्य म्हणजे ती वाचता आली. माझ्या सगळ्या रेसिप्या आत होत्या, कॉन्फिगरेशन होतं, मी लावलेले पॅच होते, मराठीत लिहिलेली एक वाचा-मला फाइलसुद्धा. मी खूष. रविवारी बसलो, जुनं लिनक्स एका व्हर्च्युअल मशीनमधे घातलं, कारण आजच्या योक्टोत त्या रेसिप्या पहिल्या पानावरच अडल्या असत्या. २०२१ साली त्यांनी अंडरस्कोअरच्या जागी कोलन आणला आणि सगळं जुनं लिखाण एका फटक्यात जुनं झालं. ते चालतं, समजण्यासारखं आहे.

पण सामान? डाउनलोड केलेल्या सोर्सचा फोल्डर सीडीवर नाही. आता आठवतंय, ७०० एमबीत तो मावला नव्हता, आणि मी म्हटलं होतं, पत्ते आहेत ना रेसिपीत, परत उतरवून घेऊ. पत्ते आहेत. पत्त्यावर माणसं नाहीत. हँडहेल्ड्स.ऑर्ग, जिथे त्या काळच्या अर्ध्या जगाचा कोड होता, ते कधीच बंद पडलं. ओपनझॉरस २००७ साली संपला आणि मंडळी अँग्स्ट्रॉमकडे गेली. बिटबेक एकेक पत्ता ठोठावतो, कोणी दार उघडत नाही, लाल अक्षरात ओळ येते. रविवारच्या जेवणापर्यंत एकशे बावीसपैकी एकोणपन्नास फाइल्स मिळाल्या. काही जुन्या मिरर्सवर, काही कोणाकोणाच्या खाजगी फोल्डरमधे. त्यातल्या काही जशाच्या तशा आहेत की कोणी हात मारलाय हे कळायला मार्ग नाही, कारण आम्ही तेव्हा सगळ्या रेसिप्यांत चेकसम लिहीत नव्हतो. मीही लिहिला नव्हता.

पँगोची टारबॉल मात्र मिळाली. ग्नोमच्या सर्व्हरवर त्यांनी पहिल्यापासूनच्या आवृत्त्या ओळीने मांडून ठेवल्यात, तारखांसकट. मला हवी होती ती २००५ची. दोन सेकंदात उतरली. सवयीने घड्याळ बघितलं, दुपारचे पावणेदोन झाले होते.